रिकाम्या बिड्या

मोहाडीच्या बाजारात मी वांगी निवडत होतो, तेव्हा ओळखीच्या एस.टी. कंडक्टरने हाक मारून सांगितलं, "गुरुजी, सिहोऱ्याच्या नर्सबाई गेल्या जी. परवाच." हातातलं वांगं मी तसंच टोपलीत ठेवलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच... सुटलो. मी काय केलं ते ज्या बाईने समोर उभं राहून पाहिलं होतं, ती आता कोणाला काही सांगणार नव्हती. या गोष्टीला दीड महिना झाला. सुटलो मात्र नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सुगंधाबाई रामटेके आमच्या नाकाडोंगरीजवळच्या गावात सरकारी नर्स होत्या आणि मी तिथल्या शाळेचा हेडमास्तर. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी गावाबाहेर मँगनीजच्या टाकाऊ मातीचा ढीग पावसात सरकला. त्यातले तुकडे वेचायला गेलेल्या चार बायका पोरांच्या डोळ्यांदेखत गाडल्या गेल्या. सहा पोरं टोपल्या घेऊन उभी होती. नंतर कोणी अंथरूण ओलं करू लागलं, कोणी मातीत हात घालेना. सात वर्षांची मंजी बोलायचीच थांबली. गावाने अंगारे-धुपारे केले. मी माझा इलाज केला. प्रश्नाला उत्तर देत नाही म्हणून तिला दोनदा छडीने मारलं. हे खोडून टाकावंसं वाटतं, पण राहू दे.

बाई रजा काढून नागपूरला गेल्या आणि मनाच्या आजारांच्या एका डॉक्टरांना भेटून आल्या. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पोरांना बोलायची जबरदस्ती करायची नाही, आणि एकदा सुरू केलं की खंड पाडायचा नाही. बाकीचं बाईंनी स्वतःच्या डोक्याने बसवलं. आमच्याकडे घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात, मान खाली, हात चालू, आणि घरातलं सगळं बरं-वाईट तिथेच बोललं जातं. बाईंनी पोरांपुढे तशीच सुपं ठेवली. भिजवलेली तेंदूची पानं, कैची, पान कापायचा पत्र्याचा फर्मा, दोरा. फक्त जर्दा नाही. मी हसलो होतो, "बाई, रिकाम्या बिड्या ओढणार कोण?"

"तोंडाकडं पाहून लेकरू नाही बोलत, गुरुजी. हात कामात असला का आपसूक बोलते."

दर शनिवारी शाळा सुटली की शेवटच्या खोलीत ही बैठक भरायची. खोली मी तोंडी दिली होती, कागदावर काही नव्हतं. जवळपास दोन वर्षांनी मंजी शेजारच्या पोरीला म्हणाली, "दोरा दे." बाई माझ्या खोलीत येऊन लहान मुलीसारख्या रडल्या. पुढे एका शनिवारी मंजीने मान वर न करता सांगितलं, "मायचा हात दिसून राहिला होता. मी नाही वढला." बाईंनी तिच्या सुपात आणखी एक पान ठेवलं.

मग तपासणीचे साहेब आले. न कळवता, नेमके शनिवारी. पोरांच्या मांडीवर सुपं पाहून ते कडाडले, "शाळेत बिडी कारखाना?" माझी बढती त्यांच्या सहीवर अडली होती. मी म्हणालो, "माझ्या परस्पर चाललंय, साहेब. मला कल्पना नाही." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग एक बिडी साहेबांपुढे धरली. "उकलून तं पाहा, साहेब. आत काहीच नाही." साहेबांनी हातसुद्धा लावला नाही. मला ठाऊक होतं आत काय आहे. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

महिनाभरात बाईंची सिहोऱ्याला बदली झाली. जाताना सुपं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मंजीचं आता कोठं सुरू झालं आहे. शनिवारी तुमी बसा. बोलू नोका, फक्त बसा." मी खोलीला कुलूप लावलं. दोन शनिवार पोरं ओट्यावर बसून परत गेली. तिसऱ्या शनिवारी एकटी मंजी आली.

"बाई कवा येते, गुरुजी?"

"येणार नाही. घरी जा."

त्यानंतर तिचा आवाज कोणी ऐकला नाही. मला बढती मिळाली.

काही वर्षांनी तुमसरच्या स्टँडवर बाई अचानक समोर आल्या. मी वळून जाणार होतो, पण त्यांनी गाठलंच. साहेबांचं नाव नाही, रागाचा शब्द नाही. एवढंच विचारलं, "मंजी बोलते ना?"

"बोलते की," मी म्हणालो. "आता तर ऐकत नाही कोणाचं."

बाई केवढ्या हसल्या...

मागच्या आठवड्यात सिहोऱ्याला त्यांच्या घरी भेटायला गेलो. भिंतीला ओळीने सुपं टांगली होती. मी समजत होतो की सगळं तेव्हाच संपलं. बाईंची भाची म्हणाली, "नाही जी, शेवटच्या शनिवारपर्यंत लेकरं येत होती. कोणाचा बाप जळलेला, कोणाची माय विहिरीत गेलेली. लोक म्हणत, कायले करता हे? आत्या म्हणे, तिकडं माह्यी मंजी बोलते, गुरुजींनं सांगतलं." मग तिने बाईंची कैची आणि फर्मा माझ्या हातावर ठेवला. "तुमीच न्या. आत्या तुमचं लय नाव काढे."

काल, शनिवारी, मंजीकडे गेलो. वीस वर्षांची आहे, भावाच्या घरी बिड्या वळून पोट भरते. मी समोर जमिनीवर बसलो आणि कैची-फर्मा तिच्या सुपात ठेवला. तिने ओळखलं. फर्म्याची कड अंगठ्याने किती तरी वेळ चाचपली. मग पान कापलं, वळायला घेतलं. मी म्हणालो, "मंजी, रिकामीच वळ."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग चिमूट भरून जर्दा घातला, दोरा बांधला, आणि बिडी बाकीच्या बिड्यांत टाकली.