पुढच्या धोंड्याला

पिंपरीच्या बाजारात आई थोरल्या जावयासाठी शर्ट निवडत होती, तेव्हा फोन आला. दुकानदार विचारत होता, "आंटी, साइज काय?" आणि आई चक्क लाजत सांगत होती, "साइज न्हाई सांगता येत बाबा, पण लई उंच हायेत आमचे जावई. दारातून वाकूनच यावं लागंल." ताईच्या नवऱ्यासाठी 'आमचे जावई' हे शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. गालातल्या गालात हसतच फोन घेतला. पलीकडे तोच, पावेल. त्याचं मराठी तोडकंमोडकं, पण ते वाक्य मात्र स्वच्छ आलं... "नीता, सुमा गेली." सकाळी चहा करता करता कोसळली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढच्याच आठवड्यात माझी बहीण नवऱ्याला घेऊन घरी येणार होती. आणि आई हातात निळा शर्ट धरून म्हणत होती, "कोण गं? त्येच हायेत का? मग त्यांनाच विचार की माप."

आम्ही बीडकडचे. बाबांच्या कंपनीपायी काळेवाडीत आलो आणि दोन खोल्यांत राहिलो. त्या दोन खोल्यांवर खरं राज्य सुमाताईचं होतं. नळावरचं भांडण तीच करणार, माझी वेणी तीच घालणार आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत ओढून घालणार. डिप्लोमा करून ती चाकणला गाड्यांच्या कंपनीत लागली आणि कंपनीनं तिला ट्रेनिंगसाठी चेक देशात धाडलं, ती तिथंच नोकरीला राहिली. हा देश कुठं आहे असं कुणी विचारलं की आई सांगायची, "जर्मनीच्या अलीकडं", जसं काही शेजारच्या रहाटणीच्या अलीकडं सांगतेय. पहिल्या सुट्टीत ताई मला गच्चीवर घेऊन गेली. कुरडया वाळत होत्या, त्यांच्या बाजूला बसून तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला. "हा पावेल. माझ्याच लाइनवर असतो. हातानं वरणभात खायला शिकलाय." मी म्हटलं, "ताई, बाबा जीव घेतील." तर म्हणते कशी, "घेऊ देत. लग्न करून आलेय मी."

बाबांनी जीव घेतला नाही, आवाजही चढवला नाही. "पाहुण्यारावळ्यांत कळता कामा नये," एवढंच म्हणाले, आणि माझी लग्न झालेली बहीण आमच्या घरापुरती बिनलग्नाची झाली. ती एकटीच यायची. मंगळसूत्र कुडत्याच्या गळ्याआड असायचं. "ती कामातच असते हो," असं आई सांगायची, मीही सांगायचे. आत्याला काय, दर खेपेला तिच्याकडे एक स्थळ तयार! एकदा तर तिनं तळेगावचा बिजवर आणला. ताई मला कोपरानं ढोसत म्हणाली, "बघून तर येऊ, पोहे तरी मिळतील." आम्ही पोट धरधरून हसलो. पण त्या संध्याकाळी ती जेवली नाही, हेही मला आठवतंय.

धोंड्याचा महिना आला की मात्र तिला राहवत नसे. मागच्या अधिक महिन्यात ती इथंच होती. माझ्या नवऱ्याला पाटावर बसवून आई चांदीचा ग्लास देत होती आणि ताई आत पुरणाचे धोंडे उकडत होती. सगळे पांगल्यावर तिनं विचारलं, "आई, आता तर बाबाही नाहीत. माझ्या माणसाला कधी गं बोलवायचं?" आई भांडी आवरत म्हणाली, "पुढच्या धोंड्याला बघू." उत्तर नेहमीचंच. अगं, पण धोंडा काय दर वर्षी येतो? एकदा पुढं ढकललं की तीन वर्षं गेली! मला आईचा संताप यायचा. खरं सांगते, अजूनही येतो.

यंदा आईनं आपणहून फोन लावला. "सुमे, घिऊन ये त्यांना." ताई रडली, आणि मग विचारते काय, "चांदीचा ग्लास देणार ना? नीताच्या नवऱ्याला दिलायस."

काढून ठेवलेल्या तिकिटावर पावेल एकटाच आला. ताईच्या अस्थी घेऊन. आळंदीला विसर्जन करून घरी आलो तर घर माणसांनी भरलेलं. आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "हे कोण?" आई पदर सावरून म्हणाली, "सुमाचे मालक. आमचे जावई, पावेलराव." आत्या त्याला पाणी द्यायला उठली. बस्स, एवढंच झालं. ज्याला भिऊन आम्ही इतकी वर्षं काढली, ते एवढंच होतं... 'पावेलराव' हा एक शब्द ऐकायला ताई हवी होती हो.

दुसऱ्या दिवशी आईनं पुरण घातलं. आत्या म्हणाली, "दुःखाच्या घरात धोंडा करतात का गं?" "आता मला तीन वर्सं थांबणं व्हायचं न्हाई," आई म्हणाली. निळा शर्ट त्याला बाहीत आखूड झाला होता, तरी तोच घालून तो पाटावर बसला. त्यानं धोंड्याला बोटानं खळगा पाडला आणि त्यात तूप ओतलं, थेट ताईसारखं. आईचा हात थांबला. "हे तुमाला कुणी शिकवलं?" तो म्हणाला, "सुमा. प्रत्येक धोंडा, इथून परत आली तरी, तिकडे करते. मला बसवते. म्हणते, आज मी तुझी सासू." आई भिंतीला टेकून खालीच बसली आणि मोठ्यानं रडली.

पावेल परत गेला. चांदीचा ग्लास आईनं आठवणीनं त्याच्या बॅगेत घातला. त्या दिवशी शर्टाआधी ताईसाठी घेतलेली हिरवी साडी मात्र अजून कपाटात आहे, दुकानाच्या पिशवीत. परवा मी विचारलं, "आई, या साडीचं काय करायचं?" आई मटार सोलत होती. मान वर न करता सवयीनं म्हणाली, "पुढच्या धोंड्याला बघू."

मग तिचं तिलाच ऐकू आलं. हातातली शेंग तशीच राहिली.