एका किल्लीला एकच दार

माझी मावशी मुलींच्या वसतिगृहात, जिन्याखाली बसून किल्ल्या बनवायची. काका गेले आणि तिनं त्यांची कानस हातात घेतली, तेव्हा बाईमाणसाला हे जमायचं नाही, असं निम्म्या गल्लीनं सांगून पाहिलं. आज त्याच निम्म्या गल्लीच्या कमरेला तिच्या हातच्या किल्ल्या आहेत.

तिची एक खोड होती. किल्ली तयार झाली की ती ज्या दाराची त्याला लावायचीच, पण मग आजूबाजूच्या दारांनाही लावून बघायची. तिथं नाही उघडली की खूश. उघडणं हे अर्धंच काम, म्हणायची.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फलन शिकले, तेव्हा मला तीच आठवली. फलन म्हणजे असा नियम, की आत जे द्याल त्याचं उत्तर एकच. किल्ली द्या, दार मिळेल. एका दाराच्या तीन किल्ल्या खुशाल असोत, खोलीत तीन मुली राहतात. पण एका किल्लीनं दोन दारं उघडली, की फलन मोडलं. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "चला, फी अगदीच वाया गेली नाही."

मग वसतिगृहाच्या मालकानं स्वस्तातली नवी कुलपं बसवली. कोपऱ्यातल्या खोलीची जादा किल्ली बनवून मावशी सवयीनं पुढच्या दारांना लावत गेली, तर वरच्या मजल्यावरची सगळी दारं उघडली. तिनं मालकाला सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. उलट त्यानं ती किल्ली मागून खिशात टाकली. असू दे, कधी लागेल, मुलींच्या कानावर कशाला घालायचं, म्हणाला. कुलपांच्या आतल्या पिना बदलते, असं मावशी म्हणताच त्यानं जिन्याखालच्या जागेची आठवण करून दिली.

"जागा तुमची, घ्या," मावशी म्हणाली. "पण दाराआड मुली झोपतात. ती दारं तुमच्या खिशात राहणार नाहीत."

तिनं मुलींना सगळं सांगितलं. त्यांनी आपणहून कुलपं काढून दिली, मोबाइलचा उजेड धरला. मावशीनं एकेका कुलपाच्या पिना बदलल्या, नव्या किल्ल्या घासून दिल्या. मालकाच्या खिशातली किल्ली आता कशालाच लागेना. मावशीचं टेबल रस्त्यापलीकडे उन्हात गेलं. गिऱ्हाईक कमी झालं. मी छत्री नेऊन दिली तर ती तिनं किल्ल्या कापायच्या यंत्रावर धरली.

पुढे मालकाच्या ऑफिसची किल्ली कुलपात तुटली. दुसरा कारागीर मिळेना, तेव्हा निरोप आला. मावशी गेली. कुलूप उघडलं, नवी किल्ली घासली, लावून पाहिली. त्यानं हात पुढे केला. ती त्याच्याकडे न बघता जिना चढली आणि मुलींच्या प्रत्येक दाराला ती किल्ली लावत गेली. मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. मालक खाली ताटकळत राहिला.

एकही दार उघडलं नाही. मावशी खाली आली.

"ही तुमच्या दाराची," तिनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "फक्त तुमच्या."