गोऱ्या नर्सबाईंचा पासपोर्ट

कितीतरी गुन्हे तपासले, पुष्कळसे विसरलोही. पण नगरमधल्या त्या परदेशी नर्सबाईंच्या घरची चोरी अजून मनातून जात नाही.

महायुद्ध चालू होते. मी नगरच्या ठाण्यात फौजदार होतो. परदेशी माणसांना तेव्हा ठाण्यात हजेरी द्यावी लागे, त्यामुळे बाई माझ्या ओळखीच्या. युरोपातल्या त्यांच्या देशावर शत्रूने कब्जा केला होता. जवळचे म्हणावे असे कोणी असेल तर अमेरिकेतली बहीण. तिच्याकडे जायला बोटीवर जागाही मिळाली होती. अशात एका सकाळी त्या फिर्याद द्यायला आल्या. पिठाच्या डब्यात लपवलेली चामडी पिशवी गेली होती. तिच्यात पासपोर्ट आणि आईचे सोन्याचे लॉकेट होते.

पंचनाम्याला गेलो. कुलूप शाबूत, कपाटाला हात लावलेला नाही. शेजाऱ्यांनी लगेच स्वयंपाकिणीकडे बोट दाखवले. ती शेवगावकडची ख्रिस्ती विधवा. झडतीत काही सापडले नाही.

"साहेब, पीठ रोज मीच काढते," ती म्हणाली. "पिशवी हाय हे मला कवाचं ठावं हुतं. न्यायची असती तर मागंच नेली असती."

मला ते पटले. बाईंना विचारले, "ही जागा आणखी कोणाला माहीत होती?"

"कोणालाच नाही," त्या म्हणाल्या. पण उत्तर जरा उशिरा आले.

त्याच आठवड्यात सोनईच्या एका सोनाराने खबर पाठवली. मी जातीने गेलो. लॉकेट माझ्या हातात ठेवत तो म्हणाला, "एक गोरा मानूस हे मोडाया आल्ता. नगरात एवढे सोनार असताना ह्यो हितं कशाला यील? पैसे उद्या देतो म्हनून ठिवून घेतलं."

दुसऱ्या दिवशी पैसे न्यायला आला तेव्हा त्याला धरला. तो ठाण्यात हजेरीला येणाऱ्यांपैकीच, बाईंच्याच गावचा तरुण निघाला. नगरात घड्याळे दुरुस्त करी आणि रविवारी बाईंकडे जेवायला जाई.

ठाण्यात त्याने काही कबूल केले नाही. "असली लॉकेटं आमच्याकडे घरोघरी असतात," एवढेच तो मोडक्या इंग्रजीत सांगत राहिला. शेवटी बाईंना समोर बसवले. त्या त्यांच्या भाषेत एकच वाक्य बोलल्या. त्याने टेबलावर डोके टेकले आणि ढसाढसा रडू लागला. मग जबानी दिली. जागा बाईंनीच त्याला दाखवली होती; रविवारी जेवायला आला तेव्हा त्याने पिशवी उचलली. मुंबईला पळून जायला त्याला सोने हवे होते. बाईंच्या नावाचा पासपोर्ट आपल्याजवळ सापडू नये म्हणून त्याने तो चुलीत घातला होता.

बाईंना मी नंतर विचारले, "काय म्हणालात त्याला?"

"जेवलास का, असं विचारलं."

लॉकेट परत मिळाले. पण देशच शत्रूच्या ताब्यात, नवा पासपोर्ट देणार कोण? बोट त्यांना न घेताच गेली. बहिणीची भेट झाली नाही. पुढे नगरातच त्या वारल्या. त्याआधी, तो तरुण शिक्षा भोगत होता तोवर, भेटीच्या दिवशी त्या तुरुंगात जात. "माझी भाषा बोलणारा इथे दुसरा कोण आहे?" असे म्हणत.

पुढे माझा पुतण्या नोकरीसाठी आफ्रिकेला निघाला. मी त्याला बजावले, कागदपत्रे आणि सोने एका जागी ठेवू नकोस, आणि ती जागा कोणाला दाखवू नकोस.

"आपल्या गावचा कोणी भेटला तर, काका?"

फौजदार म्हणून उत्तर तयार होते. पण बाईंनी ती जागा त्या तरुणाला का दाखवली असेल, हे एव्हाना मला कळले होते. मी पुतण्याची ट्रंक बांधू लागलो.