दहा लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे सात

अड्यारच्या त्या गल्लीत जनकोजीरावांचं नाव दोन गोष्टींसाठी होतं: एक मिशी आणि दुसरी १०८७५०७ ही संख्या. मिशी रंगवलेली आहे हे दूधवाल्यालाही ठाऊक होतं. संख्येबद्दल मात्र कुणी शंका काढत नसे, कारण काढली की ते गेटातच गाठून तासभर समजावत.

तो त्यांच्या रेल्वेच्या ओळखपत्राचा नंबर. आकड्यांची बेरीज करत गेलं की शेवटी एक उरे. एक म्हणजे सूर्य. निवृत्तीनंतर त्यांनी तो हातानं भागून पाहिला, लहानमोठ्या मूळ संख्यांनी, पार हजाराच्या पुढपर्यंत. कुणाचाच भाग जाईना. म्हणजे हीसुद्धा मूळ संख्याच.

"कुणाच्या बापाला फुटत नाही," म्हणत ते मिशीवरून हात फिरवत.

२००४ साली तांबरमच्या एका कॉलेजानं त्यांना या संख्येवर बोलायला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठ मिळणार होतं. आदल्या दिवशी तालीम सुरू झाली. श्रोते एकच, बायको सईबाई, तेही शेवग्याच्या शेंगा सोलत.

"सातानं नाही. अकरानं नाही. तेरानं नाही. एकोणिसानं..."

"अहो, मधला सतरा कुठं गेला?"

जनकोजीराव थबकले. "एक आणि सात, आठ. शनीचा आकडा. त्याला कशाला हात लावायचा?"

"लग्नाची सतरा तारीख बदललीत ते कळलं. पण भागाकारातही?"

"बेरीज आठ येणारे सगळेच वगळले. त्यानं काय बिघडतं?"

"मग भागा की आता. शनी काय मिशी उपटतोय?"

त्यांनी पेन्सिल घेतली. उत्तर आलं ६३९७१. बाकी शून्य.

त्यांच्या कानात गरम तेल ओतल्यासारखं झालं. पुन्हा भागलं. पुन्हा शून्य. उत्तरालाच सतरानं भागलं, तिथंही शून्य. उरले ३७६३. त्यांनी त्रेपन्न लावून पाहिला. तोही वगळलेलाच, पाच नि तीन आठ. भाग गेला. खाली उरला एकाहत्तर. सात नि एक.

ज्यांना उंबऱ्यावर उभं केलं नव्हतं, तेच सगळे घरात मांडी ठोकून बसले होते. त्यांच्याखेरीज आत दुसरं कुणी नव्हतंच.

जनकोजीरावांनी पेन्सिल खाली ठेवली. मिशीसुद्धा खाली उतरल्यासारखी दिसली.

"कॉलेजला फोन करतो. ताप आलाय म्हणतो."

"सरी, बरं, करा. मग गल्लीला काय सांगाल? मी तर सांगणारच." सईबाईंनी शेंगांचं ताट सरकवलं. "त्यापेक्षा विषय बदला. संख्या एकटी नाही म्हणावं, भरल्या घरची आहे. आणि आपल्याला का दिसली नाहीत माणसं, तेही सांगा."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तांबरमला ते फळ्यापुढे उभे राहिले. खडू दोनदा हातातून पडला. मग त्यांनी डोळे मिटून सगळ्यात आधी सतरा लिहिला, आणि छत कोसळतं का म्हणून क्षणभर वर पाहिलं.