पट्टा उतरवलेली गिरणी

भेटीचा वार नसताना बाबा माझ्या नागपूरच्या वसतिगृहाच्या दारात उभे दिसले, तेव्हाच काहीतरी झाल्याचे मला कळले. "दादा गेला," एवढेच ते म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा, मुकुटबनचे गिरणीवाले. मी रडले नाही. मला चारचौघांत रडता येत नाही. पांढरकवड्यापर्यंतच्या बसमध्ये आम्ही दोघेही खिडकीबाहेर बघत बसलो... आता महिना उलटला आहे, तेव्हा थोडे लिहिता येईलसे वाटते.

लहानपणापासून माझ्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्या गिरणीत गेल्या. तिथल्या आवाजात कुणाला बोलता येत नसे, म्हणूनच बहुधा मला ती जागा आवडायची. मी इंग्रजी शाळेत जाते याचे मोठ्या बाबांना फार कौतुक आणि त्याहून जास्त गंमत वाटे. भुवयांवर पीठ साचलेले, हातात कुणाचा तरी डबा, आणि मला पाहताच, "काय मॅडम, आज इंग्रजीत दळू का मराठीत?" मी लाजून पोत्यावर जाऊन बसे. इंजिनाचे धुराडे छपरातून वर गेले होते आणि त्याच्या तोंडावर त्यांनी एक फुटका तांब्या उपडा बसवला होता. त्यातून निघणारा टुक टुक आवाज नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर ऐकू जाई. तो ऐकला की बाया दळण घेऊन निघत.

मग ते मंदीचे वर्ष आले. कापूस आधीच कमी, त्यात भाव पडला, सरकी काढायचे जिनिंग वेळेआधी बंद झाले आणि मजुरी थांबली. नाताळच्या सुट्टीत मी गेले तर बाजाराची ओळ ओळखू येईना. शिंप्याने मशीनवर गोधडी टाकली होती. हॉटेलवाल्याने भजी बंद करून नुसता काळा चहा ठेवला होता. घरोघरी ज्वारी होती, पण दळणावळीला पैसा नव्हता. बायांनी कोपऱ्यात पडलेली जाती पुन्हा मांडली आणि गिरणीतली डब्यांची रांग संपली.

तरी गिरणीचा आवाज रोज येत होता. मी आत जाऊन पाहिले, तर मोठ्या बाबांनी इंजिन जात्याला जोडणारा चामडी पट्टा उतरवून खुंटीला टांगलेला. नुसते इंजिन चालले होते.

"दळण नाहीये ना, मोठे बाबा?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारले.

"हळू बोल ना व! आवाज थांबला का लोक म्हनतीन, गिरणी बसली. एकदा बसली म्हनले, का मंग कोनी येत नाई."

रिकामी जाती फिरवली तर दगड दगडाला खातो, म्हणून पट्टा काढायचा, हे त्यांनी मला खुणांनी समजावले. मोठी आई मात्र चिडली होती. पांढरकवड्याचा एक व्यापारी विहिरीसाठी इंजिन मागत होता, आणि संक्रांतीपर्यंत जम बसला नाही तर देऊन टाकायचे, असे नवरा-बायकोत ठरले होते. "डिझेल जाळून हवा दळून राह्यले तुमी," ती म्हणे. "घ्या डबा, भरा हवा, भाकरी थापते मी!" मोठे बाबा हसत. पण जेवताना त्यांची नजर खाली असे.

दोन-तीन दिवसांनी तांड्यावरची लालीबाई आली. डोक्यावर एवढेसे गाठोडे. मग आणखी एक जण आली, मग वाड्यावस्त्यांतून थोड्या थोड्या ज्वारीच्या टोपल्या येऊ लागल्या. मोठ्या बाबांनी पट्टा चढवला. "पाह्य मॅडम, आवाजाची करामत!" म्हणत ते इंजिनाला पाणी आणायला गेले. तेवढ्यात लालीबाई मोठ्या आईजवळ सरकली.

"गिरणी रिकामी फिरून राह्यली, हे तांड्यावरच्या लेकरायले बी समजते. दळण असलं का आवाज कसा जड येते. हा तं सुटलेल्या बैलावानी पळत होता."

"मंग आली काहून?"

"रिकामी आयकली म्हनून तं आली. इंजिन गेलं, तं उद्या लग्नाचं दळण कोन दळन? तुह्या जात्यावर दळू का मी?"

रोजचे घरी दळायचे आणि आठवड्यातून एक दळण गिरणीत आणायचे, असे बायांनी आपसांत ठरवले होते. मोठी आई पदराने तोंड पुसत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यायले सांगू नको बरं." संक्रांतीनंतर तो व्यापारी रिकाम्या हाताने परत गेल्याचे मला पत्रातून कळले. आपण अख्ख्या गावाला कसे फसवले, ही गोष्ट मोठे बाबा पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि मोठी आई दर वेळी नवलाने ऐके.

मोठ्या बाबांचे दिवस आटोपले, पाहुणे पांगले. गिरणी बंद होती. इंजिन विकायचे का, असे बाबांनी दबकत विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी आई मला म्हणाली, "चाल, हँडल मारू लाग." आम्हा दोघींना ते पेलेना, पण अखेर इंजिन लागले. पट्टा तिने खुंटीवरच राहू दिला. तांब्यातून टुक टुक निघाली, हलकी, पळती... मलाही आता ती ओळखू येते. आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने नाल्याच्या चढावर लालीबाईचे गाठोडे दिसले. मोठी आई उठली, इंजिन थांबवले आणि खुंटीवरचा पट्टा काढून घेतला.