मावशीचा मिस कॉल

आमच्या घरात माणसं चार, फोन चार आणि रिचार्जचा महिना पगाराच्या आधीच संपणारा. प्लॅन पुन्हा महागले तसे बाबा खवळले. किराणा, केबल, दादाचं बाहेरचं खाणं, सगळ्यांवर कात्री चालवून झाली होती. शेवटी त्यांची नजर आईच्या बटणाच्या फोनवर गेली.

"तुला कशाला रिचार्ज? तू कुणाला फोन करतेस?"

खरंच होतं ते. आई कुणाला फोन करायचीच नाही. रोज सकाळी पैठणहून मावशीचा मिस कॉल यायचा. म्हणजे मावशी उठली, चहा ठेवला. आई उलट मिस कॉल द्यायची. म्हणजे मीही ठेवला. उचलायचा कुणीच नाही. कॉलला पैसे पडायचे तेव्हाची ही सवय, कॉल फुकट झाले तरी सुटली नाही. तेवढ्यावर दोघी बहिणी दिवसभर खूश. पण हे बाबांना सांगायला आईची जीभ रेटेना. मला तिचं फार वाईट वाटलं.

रिचार्ज संपला, आईचा उलट मिस कॉल जाईना, आणि काही दिवसांनी इनकमिंगही बंद पडलं. त्याच दुपारी मावशी दारात! पहिली मिळेल ती एसटी धरून आलेली, डोळे सुजलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. कणीक मळणाऱ्या आईला पाहून तिनं हंबरडाच फोडला.

"जिती हायस व्हय गं! आधी तुझा मिस कॉल येईना, आन् आज फोनमधली बाई म्हनली, सेवा बंद हाय. मला वाटलं, गेलीस तू! दुसऱ्या कुनाला इचारायची छातीच झाली नाय."

आईला आधी काही कळेना. मग तिची नजर त्या चपलांवर गेली आणि ती जी हसत सुटली, ती थांबेचना. मावशी रडता रडता हसायला लागली, आईनं पिठाच्या हातांनीच तिला मिठी मारली, दादा आणि मी पोट धरून खाली बसलो. एकटे बाबा हसले नाहीत. गुपचूप कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, रिचार्ज मारला आणि येताना जिलबी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन वाजला. मावशी तिच्याच शेजारी, ओट्याशी उभी राहून मिस कॉल देत होती. आणि आईनं चक्क फोन उचलला.

"हं, बोल. ठेवला का चहा?"

"ठेवला की. तुझा?"

"अगं, शेजारी उभ्या आहात ना!" बाबा ओरडले.

आईनं फोनवर हात ठेवला. "लई महाग प्लॅन हाय म्हणता ना? मग वसूल नको करायला?"