गुणाबाईंचा रविवारचा चहा

राखेच्या बुधवारी आम्हा ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होतो, तेव्हा गुणाबाई चहा सोडतात आणि आमच्या गल्लीचं डोकं दुखायला लागतं. तिथून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, त्यांच्या तोंडाला कुणी लागत नाही. दूधवाला माप ओततो आणि मान वर न करता सटकतो. उपवास त्यांचा, प्रायश्चित्त आमचं! मी तर त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, म्हणजे सगळ्यात जास्त भोगते ती मीच.

रेणापुरात आम्ही लुथरन म्हणजे मोजून बावीस घरं. प्रभुभोजनाच्या विधीत भाकरीबरोबर सगळ्यांना घोटघोट मिळणारा द्राक्षरस करण्याचा मान गुणाबाईंचा. मनुका निवडायच्या, भिजत घालायच्या, उकळून कुस्करायच्या, पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या. सत्तरी गाठली तरी हे काम त्या दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. बाई कष्टाची आहे, मनानं चांगली आहे. फक्त एक खोड आहे, कुणाचं फुकट घेणार नाहीत. भाजीवाल्यानं वरून कोथिंबिरीची काडी टाकली तर ती परत त्याच्या टोपलीत जाते. शेजारून वाटी आली तर दुप्पट भरून परत येते.

यंदा लातूरहून आमच्या चर्चला नवे पाळक आले, वीरेश. उपवासातल्या तिसऱ्या रविवारी उपासना झाल्यावर मी सगळ्यांना चहा देत होते. गुणाबाईंनी कप असा ढकलला की अर्धा बशीत सांडला.

"मावशी, आज घ्या की," पाळकसाहेब म्हणाले. "चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. रविवार हा प्रभू उठला तो दिवस."

गुणाबाई उभ्या राहिल्या. "मंग सहा वर्साचे माजे रविवार? ते कुठं गेले?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

"मावशी, चहा सोडून देवाची माफी मिळत नाही," पाळकसाहेब मऊ आवाजात म्हणाले. "ती त्यानं आधीच दिलेली आहे. आपण विश्वासानं हात पुढं करायचा. यालाच कृपा म्हणतात."

"फुकट?"

"फुकट."

"फुकटचं म्या घेत न्हाई," म्हणत त्या तरातरा बाहेर गेल्या.

मी मागोमाग गेले. बाई पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी ऐन उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या तोंडावर मनुकांची पुडी नाहीशी झाली. त्यांनी साऱ्या बायांसमोर रुक्मिणबाईंवर आळ घेतला. रुक्मिणबाई त्यांची जिवाभावाची मैत्रीण, दरवर्षी मनुका निवडायला शेजारी बसणारी. ती तशीच उठून गेली. शनिवारी पुडी सापडली, गुणाबाईंच्याच पिठाच्या डब्यामागं! सांगायची लाज वाटली. त्यांनी त्या मनुका सणाच्या शिऱ्यात घालून पोरांच्या हातून घरोघर वाटून टाकल्या आणि पुढच्या वर्षापासून चहा सोडला.

"आन आता रुक्मिनअक्का सनानंतर नांदेडला चालली, लेकाकडं. कायमची. ती गेल्यावर म्या कुनाला सांगू गं?" त्यांनी माझं मनगट धरलं. "चल माज्यासंगं. एकटीचा पाय उचलंना."

रुक्मिणबाई दारातच गाठोडं बांधत बसल्या होत्या. गुणाबाई टेकल्यासुद्धा नाहीत. "अक्का, मनुका माज्याच घरी घावल्या. तू घेतल्या न्हाईस. म्या खोटी."

रुक्मिणबाईंनी गाठ घट्ट ओढली. "ठावं हाय."

"कवापासून?"

"त्याच सनापासून. तुज्या शिऱ्यात एरवी चार मनुका. त्या साली रव्यापरीस मनुकाच लई!" आणि त्या हसायला लागल्या. "म्या वाटी चाटूनपुसून खाल्ली. म्हंजी मनुका शेवटी म्याच खाल्ल्या की!"

मला हसू आवरेना. गुणाबाई मात्र रडकुंडीला आल्या. "मंग बोलली का न्हाईस?"

"म्या तर तवाच माफ केलं. तूच माजा उंबरा सोडलास. माफी घिऊन तुज्यामागं पळू का काय?"

गुणाबाई तिथंच खाली बसल्या. ज्यासाठी या बाईनं सहा वर्षं चहा सोडला आणि आम्हाला छळलं, ते दोन गल्ल्या पलीकडं पहिल्या सणापासून तयार होतं. मला रागही आला, आणि खरं सांगते, डोळेही भरले.

रुक्मिणबाईंनी आलं ठेचून चहा टाकला. कप पुढं येताच गुणाबाई उठायला लागल्या. "थांब, घरून खारी आनते."

"बस खाली. काई आनायचं न्हाई. आज रविवार हाय, पी."

गुणाबाईंनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि थेंबही न ठेवता प्याल्या. मग जन्मात कुणाची कोथिंबिरीची काडी न घेतलेल्या त्या बाईनं कप पुढं केला.

"अक्का, अजून हाय का गं?"